चौघांचा स्टुडिओ आणि रोज बदलणारी कामाची जागा

लग्नाच्या सीझनमध्ये तालुक्याच्या गावातील एखाद्या फोटो स्टुडिओत डोकावले, तर मालक, एक व्हिडिओग्राफर, अल्बमचे एडिटिंग करणारी एखादी मुलगी आणि लाइट धरायला, बॅगा उचलायला एक पोरगा, एवढाच पसारा दिसतो. त्यांत महिन्याच्या पगारावर असलेला माणूस बहुधा एखादाच असतो आणि बाकीचे ऑर्डर असेल त्या दिवसाच्या हिशेबाने येतात. अशा मालकाला ‘कामाच्या जागेची सुरक्षितता ही तुमची जबाबदारी आहे’ असे सांगितले, की तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘ते नियम कारखान्यांना असतात, आम्ही चार माणसे.’ हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो धोकादायक आहे.

खरा अर्धा भाग कायद्याच्या आकड्यांमध्ये आहे. केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवणे, कामगाराला नियुक्तीपत्र देणे अशी कर्तव्ये ती मालकावर टाकते. मात्र सर्वसाधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच ती लागू होते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ सालचा आहे. मूळ कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्याची माहिती कळवली की पुरेसे होते आणि ही मर्यादा २० पर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. थोडक्यात, चौघांच्या स्टुडिओच्या दारात निरीक्षक येऊन रजिस्टर मागण्याची शक्यता फारशी नाही.

राहिलेला अर्धा भाग असा की, माणसे कमी असली म्हणून कागदपत्रे कमी होतात, जबाबदारी कमी होत नाही. आपल्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याला इजा झाली तर तिची भरपाई मागता येते, मग ती इजा आपल्या हेल्परला झालेली असो की वऱ्हाडातल्या एखाद्या लहान मुलाला. निष्काळजी कृत्यामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो आणि तिथे पोलीस तुमच्याकडे किती माणसे कामाला आहेत हे मोजत बसत नाहीत. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ पासून आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. ती भरपाई कोणकोणत्या कामांना लागू होते याची यादी कायद्याला जोडलेली आहे. गाडी चालवणारा माणूस तिच्यात स्पष्टपणे येतो. आपल्याकडील इतरांचे काय, हे एकदा वकिलाकडे बसून समजून घ्यावे. ‘तो आमचा नोकर नाही, फ्रीलान्स येतो’ या उत्तरावरही फार विसंबू नये. कामाची वेळ कोण ठरवतो, साहित्य कोणाचे आणि काम कसे करायचे हे कोण सांगतो, यावरून नाते ठरते आणि आपल्या धंद्यात या तिन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा मालक हेच असते.

दुसरी अडचण ‘जागा’ या शब्दाची आहे. कारखान्याला कुंपण असते, दुकानाला शटर असते. छायाचित्रकाराची कामाची जागा मात्र आज मंगल कार्यालय, उद्या शेतातला मांडव आणि परवा एखाद्या किल्ल्याचा माथा अशी बदलत राहते आणि त्यांतली एकही त्याच्या मालकीची नसते. वीज कार्यालयाची, मांडव डेकोरेटरचा, जनरेटर तिसऱ्याचा, साउंड चौथ्याचा आणि त्या सगळ्यांच्या मधून आपल्या वायरी जातात. प्रत्येक जण दुसऱ्याने बघितले असेल असे धरून चालतो. जबाबदारी चौघांत वाटली गेली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव हिस्सा येतो असे नाही. आपल्या उपकरणांपुरती आणि आपल्या माणसांपुरती ती प्रत्येकाकडे पूर्णच्या पूर्ण राहते.

मला हे कळले ते एका सकाळी, आणि त्या सकाळीच कळायला लागावे याचे आजही वाईट वाटते. मुहूर्त साडेदहाचा होता. विधी चालू होते त्या चौथऱ्यावर पादत्राणे चालत नसल्याने आमचा लाइट धरणारा मुलगा अनवाणी होता. फरशी नुकतीच पुसलेली, कलशातले पाणी सांडलेले. आमचा हॅलोजन लोखंडी स्टँडवर होता आणि त्याच्या वायरीचे आवरण दिव्याच्या उष्णतेने मानेपाशी वितळून आतली तार स्टँडला टेकली होती. बोर्डाला थ्री-पिन बसत नव्हती, म्हणून कोणीतरी पिन कापून दोन वायरी सॉकेटमध्ये खुपसल्या होत्या आणि त्या निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचल्या होत्या. तिसरी, हिरवी वायर मागे दुमडून ठेवलेली होती. मुलाने स्टँड सरकवायला हात लावला आणि त्याची मूठ उघडेना. शेजारच्या व्हिडिओग्राफरने त्याला हाताने ओढायचा प्रयत्न न करता वायरीला हिसका देऊन ती सॉकेटमधून उपटली, म्हणून तो मुलगा वाचला. तळहातावर भाजल्याची खूण राहिली. हॅलोजन आमचा होता, वायर आमची होती आणि त्या काड्याही आमच्यापैकीच कोणीतरी खोचल्या होत्या.

त्या दिवशी नेमके काय बिघडले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण विजेविषयीचे सर्वांत मोठे गैरसमज त्यातच दडलेले आहेत. हिरव्या वायरीचे, म्हणजे अर्थिंगचे काम असे की, उपकरणाच्या लोखंडी भागात वीज उतरलीच तर तिला जमिनीत जाण्यासाठी माणसाच्या शरीरापेक्षा सोपी वाट मिळावी. ती वायर दुमडून ठेवली, की अनवाणी पाय आणि ओली फरशी हीच सोपी वाट उरते. ‘पण एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, होती ना?’ असे पुष्कळ जण विचारतात. एमसीबी ही वायर वाचवण्यासाठी असते, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह गेला की पडते. माणसाचे हृदय बंद पडायला मात्र एका अँपिअरचा विसावा हिस्साही पुरतो आणि एवढ्याने एमसीबीला काही जाणवतसुद्धा नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ती सतत ताडून पाहते आणि त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठून तरी भलत्या वाटेने जाते आहे असे दिसले, की सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात पुरवठा तोडते. कार्यालयात ती आहे की नाही हे आपल्या हातात नाही. पण आरसीसीबी बसवलेला स्वतःचा एक एक्स्टेन्शन बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घेऊन तो प्रत्येक ऑर्डरला नेणे आपल्या हातात आहे. अर्थिंग तुटलेले असले तरी ती काम करते, म्हणून परक्या जागेत तिच्याइतका भरवशाचा सोबती नाही. तिच्यावरचे टेस्ट बटण काम सुरू होण्याआधी दाबून पाहावे.

भाराचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. १,००० वॉटचे दोन हॅलोजन २३० व्होल्टवर मिळून सुमारे ८.७ अँपिअर घेतात, तर भिंतीवरचा लहान थ्री-पिन सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यामुळे असे दोन दिवे त्या एका सॉकेटवर लावले की तो तापणारच. त्यांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि तेवढ्याच ताकदीची वायर लागते. गुंडाळीवरची एक्स्टेन्शन वायर अर्धीच उलगडून वापरण्याची सवयही मोडावी, कारण गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर आतल्या आत वितळते.

सुरक्षिततेच्या शास्त्रात ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे दोन शब्द वेगळ्या अर्थांनी वापरले जातात आणि तो फरक एका वायरीवरून नीट कळतो. जमिनीवर पडलेली वायर हा धोका. ती स्टेजच्या मागे पडली असेल तर जोखीम थोडी, आणि जिथून पाचशे माणसे अक्षता टाकून पंगतीकडे जाणार आहेत त्या वाटेवर आडवी पडली असेल तर जोखीम मोठी. धोका तोच, पण इजा होण्याची शक्यता आणि इजेचे गांभीर्य यांनी जोखीम ठरते. ती कमी करण्याच्या उपायांनाही क्रम असतो. सर्वांत चांगले म्हणजे वायरच नको, बॅटरीवरचा दिवा घ्यावा. ते जमत नसेल तर हॅलोजनऐवजी २०० वॉटचा एलईडी लावावा, म्हणजे वायरही बारीक आणि उष्णताही कमी. तेही शक्य नसेल तर वायर भिंतीच्या कडेने फिरवून दाराच्या वरून न्यावी. वाट ओलांडावीच लागली तर ती सरळ रेषेत टाकून पूर्ण लांबीवर कापडी गॅफर टेपने चिकटवावी. ‘जरा बघून चाला’ असे ओरडणे हा या यादीतला सर्वांत दुबळा उपाय आहे आणि दुर्दैवाने आपल्याकडे सर्वांत आधी तोच केला जातो. पुढे जे काही सांगतो आहे त्या प्रत्येक बाबतीत हाच क्रम मनात धरावा.

स्टँडचे पाहा. प्रकाश मऊ करणारी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावलेला दिव्याचा स्टँड उघड्या लॉनवर शिडासारखा वागतो. वाऱ्याच्या एका झोताने तो पडतो आणि खाली खेळणारी मुले असतात. वाळूची पिशवी पायाला लावणे, तीनपैकी एक पाय वजनाच्या दिशेला ठेवणे आणि वारा वाढला तर छत्री सरळ उतरवून ठेवणे, एवढ्याने तो प्रश्न सुटतो. वाळूच्या पिशव्या विकत घ्यायला हव्यात असेही नाही. जाड कापडाच्या, घट्ट शिवलेल्या पिशव्यांत वाळू भरली तरी चालते. स्टुडिओतल्या मोठ्या फ्लॅशबाबत एकच गोष्ट सांगतो. त्याच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून असतो, म्हणून फ्लॅश बिघडला तर तो घरी उघडू नये.

बॅटऱ्यांचे प्रकरण नवे आहे आणि त्याविषयी आपल्याकडे पुरेशी भीती अजून बसलेली नाही. कॅमेरा, ड्रोन, गिंबल, एलईडी असे मिळून एका मध्यम ऑर्डरला वीस-पंचवीस लिथियम बॅटऱ्या सोबत असतात. फुगलेली, पडून चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी आतून शॉर्ट होऊ शकते. एकदा तिची उष्णता वाढू लागली की ती स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि मग तिला विझवणे फार कठीण होते. लॉजच्या खोलीत गादीवर सगळे चार्जर मांडून रात्रभर झोपणे हे आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने केले आहे. ते आता थांबवायला हवे. चार्जिंग फरशीवर, पडद्यांपासून दूर आणि कोणीतरी जागे असताना करावे. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नये. विमानाने गोव्याला किंवा उदयपूरला लग्नासाठी जाताना सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेत, टोके झाकून न्याव्या लागतात आणि १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॉट-तास निघतात.

ड्रोनचे नियम २०२१ चे आहेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र, ड्रोनची नोंदणी आणि तिसऱ्या पक्षाचा विमा असावा लागतो. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण प्रमाणपत्र असले तरी वरातीच्या डोक्यावरून ड्रोन नेणे चूकच आहे, कारण तो पडला तर त्याची पाती फिरत असतानाच गर्दीत पडतो.

प्री-वेडिंग शूटमध्ये जबाबदारीचे स्वरूप थोडे बदलते. तिथे आपण सांगू तिथे जोडपे उभे राहते. ‘अजून दोन पावले मागे’ हे वाक्य आपल्या तोंडून निघते आणि ते मागे सरकतात, कारण त्यांचा आपल्यावर विश्वास असतो आणि त्यांचे लक्ष कॅमेऱ्याकडे असते. म्हणून कडा, शेवाळलेला कातळ किंवा वाहते पाणी यांच्याजवळ त्यांच्या पायांकडे पाहण्यासाठीच एक माणूस नेमावा आणि त्याला कॅमेरा देऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा पाणी वाढायला फार वेळ लागला नव्हता. वरच्या डोंगरात पाऊस पडत असेल तर आपल्या डोक्यावर कोरडे आभाळ आहे याला अर्थ नसतो. पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात शूट करायचेच नाही, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे आणि त्यापायी काही ऑर्डरी सोडल्या आहेत. रेल्वे रुळांवरच्या फोटोंची हौस तर थेट गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता त्या गोष्टीकडे येतो जी मला या सगळ्यांत सर्वांत गंभीर वाटते, आणि ती म्हणजे झोप. आदल्या रात्री हळद बारापर्यंत चालते, सकाळी सहाला नवरदेवाच्या घरी पोहोचायचे असते, मुहूर्तानंतर पंगती, संध्याकाळी रिसेप्शन, साडेअकराला सामान गोळा करून गाडी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा मुहूर्त असतो. गाडी चालवणारा तोच असतो, जो सकाळी पाचला उठला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत आढळले आहे, आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत दारू पिऊन गाडी चालवणे आपण पाप मानतो, तिच्याही पलीकडच्या अवस्थेत आपण आपल्या पोरांना घेऊन घाट उतरतो. राज्याच्या २०१७ च्या मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे प्रमाण घालून दिले आहे. लहान स्टुडिओला ते सक्तीने लागू नसले तरी माणसाचे शरीर लहान स्टुडिओत वेगळे नसते. मी कोटेशनमध्ये मुक्कामाचा किंवा वेगळ्या ड्रायव्हरचा खर्च स्वतंत्र ओळ करून लिहितो. काही गिऱ्हाईक त्यावर घासाघीस करतात. त्यांना मी अल्बमची पाने कमी करून देतो, ती ओळ काढत नाही.

सोबत काम करणाऱ्या मुली आणि स्त्रिया आता या व्यवसायात वाढत आहेत. राज्याच्या याच २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचे तर तिची संमती, संरक्षण आणि वाहतुकीची सोय आवश्यक मानली आहे. वऱ्हाडातल्या एखाद्याने तिच्याशी गैरवर्तन केले तर ‘गिऱ्हाईक आहे, जाऊ दे’ असे म्हणणारा मालक आपली जबाबदारी टाळत असतो. १० पेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणची तक्रार लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे त्या मुलीला कामाच्या पहिल्या दिवशीच सांगावे. १४ वर्षांखालील मुलाला तर सामान उचलायलाही ठेवता येत नाही, मग तो ओळखीतला असो वा ‘शिकायला’ आलेला असो.

एडिटिंगच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे दुखणे हळूहळू येते, म्हणून ते कोणी अपघातात मोजत नाही. मान, मनगट आणि डोळे यांच्यासाठी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद नजर, एवढे पाळले तरी बराच फरक पडतो. आठ-दहा तास कॅमेरा आणि मोठी लेन्स एकाच खांद्यावर वागवणाऱ्यांनी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा घ्यावा.

पैशाच्या बाजूने पाहिले तर सुरुवात अगदी थोडक्यात होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराचे ते आहे का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. त्यावर कर्मचाऱ्यांच्या अपघात-भरपाईची पॉलिसी आणि पाहुण्यांना इजा झाल्यास उपयोगी पडणारी दायित्वाची पॉलिसी आपल्या ऐपतीप्रमाणे जोडता येते. कॅमेऱ्याचा विमा बहुतेकांकडे असतो. कॅमेरा धरणाऱ्याचा मात्र नसतो.

आमच्या बॅगेत आता एक वही असते. ऑर्डर घेताना तिच्यात कार्यालयाचे नाव, जनरेटर कोणाचा, मेन स्विच कुठे आहे, बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्यांच्यापुढे खुर्च्या रचल्या आहेत का, जवळचे रुग्णालय कोणते, एवढे लिहिले जाते. मुहूर्ताच्या तासभर आधी आमच्यातला एक जण टेस्टर घेऊन बोर्ड तपासतो आणि मेन स्विच सगळ्यांना बोटाने दाखवतो. शॉक बसलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी पुरवठा तोडायचा, मग श्वास पाहायचा, श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा, हे प्रत्येक नव्या मुलाकडून आम्ही तोंडपाठ म्हणवून घेतो. चौथऱ्यावर अनवाणी जावे लागले तर त्या भागात वायरीवरचा दिवा न्यायचा नाही, तिथे फक्त बॅटरीवरचा एलईडी चालतो. वहीच्या पहिल्या पानावर हा नियम ज्याने लिहिला आहे, त्याच्या उजव्या तळहातावर ती भाजल्याची खूण अजून आहे.